जिथे हाळी पोचत नाही

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर मनस्वी संतापला. गोष्टींतले शिष्य सहसा संतापत नाहीत. ते हात जोडून बसतात, एखादा प्रश्न विचारतात, उत्तर मिळाले की त्यांच्या डोळ्यांत पाणी येते आणि ते घरी जातात. असल्या शिष्यांना काही शिकवावे लागते, असे मला कधी वाटलेले नाही. हा शिष्य वेगळा होता. तो संतापला, गुरूला नाही नाही ते बोलला, आणि गुरूही काही गप्प बसले नाहीत. म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटते.

काळ म्हणाल तर तो अजून यायचा आहे. माणसे चंद्रावर वस्ती करून राहू लागली आहेत आणि तिथे जाणाऱ्यांना आधी इथे, पृथ्वीवर, तयार करावे लागते, असा तो काळ. घाटमाथ्यावरच्या एका उजाड कातळपठारावर अशी एक शाळा होती. तिथले वृद्ध आचार्य उमेदीची वर्षे चंद्रावर काढून परत आले होते. त्यांची हाडे तिथे झिजली होती, जीभ मात्र चांगली धारदार राहिली होती. त्यांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय कोणी वर जात नसे.

शिष्याचे नाव गोष्टीला लागत नाही, पण हाक मारायला लागते, म्हणून सांगतो : केरबा. घाटाच्या कुशीतल्या एका वाडीचा. दरीत कोणी हरवले, कड्यावरून कोणी घसरले, की त्या वाडीला बोलावणे यायचे आणि तिथली माणसे दोर खांद्यावर टाकून उतरायची. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे हेच काम. त्यांची एक रीत होती. पुढे उतरणाऱ्याने थोडे अंतर गेले की थांबायचे, मागच्याला हाळी द्यायची, आणि उत्तर आल्याशिवाय पुढचे पाऊल टाकायचे नाही. मधल्या वेळात कान मागे ठेवायचा. दगड सुटला, पाय सरकला, तर ते ऐकू येतेच. केरबाच्या बापाजवळ हाळी द्यायला एक पितळी शिट्टी होती. बाप गेल्यावर ती केरबाच्या गळ्यात आली.

चंद्रावरच्या वस्तीला असाच माणूस हवा होता. वस्तीबाहेर कामाला गेलेला एखादा वाट चुकतो, एखादा खड्ड्यात पडतो. त्याच्या पाठीवरची हवा संपायच्या आत त्याला शोधून आणणारे कोणीतरी लागते. केरबाची निवड त्यासाठी झाली. त्याच्या जोडीला सगुणा होती. ती वैद्यकी शिकलेली, स्वभावाने फटकळ आणि कामाला वाघ. दोघांनी जोडीने जायचे ठरले होते. जहाज सुटायला फार दिवस उरले नव्हते, आणि सगळे अडले होते ते केरबाच्या पिशवीपाशी.

शोधाला बाहेर पडताना पाठीवर घ्यायची ही पिशवी ज्याची त्याने भरायची आणि आचार्यांनी ती स्वतः उघडून बघायची, असा शाळेचा नियम होता. केरबाची पिशवी त्यांनी दोनदा परत केली होती. काय चुकले ते सांगितले नव्हते. तिसऱ्यांदा परत आली तर सगुणेबरोबर दुसरा कोणी जाणार, एवढेच सांगितले होते.

तिसऱ्या खेपेला केरबा पिशवी घेऊन सगुणेबरोबर ओसरीवर आला, तेव्हा आचार्यांच्या समोर शहरातला एक व्यापारी बसला होता. व्यापाऱ्याने एक झकपक लाल पेटी उघडून ठेवली होती.

“आचार्य, आपला नुसता एक शब्द हवा,” तो म्हणाला. “‘आचार्यांनी पारखलेली’, एवढंच वर छापू. बघा तरी, चंद्रावर अडलानडला माणूस मागेल ते सगळं यात आहे.”

पेटीत वादळातही न विझणाऱ्या काड्या होत्या. सोनेरी होकायंत्र होते, रेशमी पॅराशूट होते, थर्मास होता, घडीची छत्रीसुद्धा होती. केरबा मनातल्या मनात हसला. त्याला सगळे पाठ होते. काडीला पेटायला हवा लागते, ती तिथे नाही. सुईला धरून ठेवील असे चुंबकत्व चंद्राजवळ नाही, तेव्हा होकायंत्र बिचारे वाटेल तिकडे तोंड करून उभे राहणार. तिथे माणूस सावकाश पडतो खरा, पण पॅराशूट असो वा नसो, सारखाच पडतो, कारण त्या कापडाला तोलून धरायला काही नसते. थर्मासमध्ये चहा इथल्यापेक्षाही जास्त वेळ गरम राहील, पण वस्तीबाहेर झाकण काढले की भसकन उकळून उडून जाईल. आणि तोंडावर शिरस्त्राणाची काच असताना तो प्यायचा तरी कुठून? एवढी अक्कल नसलेला माणूस पेट्या विकायला निघतो, याची केरबाला चीड आली.

आचार्यांनी मात्र प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघितली, मान डोलावली आणि व्यापाऱ्याला चहा पाजला. शेवटी त्यांनी छत्री उचलली.

“एवढी ठेवून घेतो.”

“म्हणजे तिथं पाऊस पडतो?” व्यापारी हरखून म्हणाला.

“ऊन पडतं,” आचार्य म्हणाले. “बाकीचं कळवतो.”

व्यापारी थट्टा समजून हसला आणि पेटी घेऊन गेला. त्याच्या अज्ञानाबद्दल आचार्य त्याला चकार शब्द बोलले नाहीत. केरबाच्या कपाळाची शीर तेव्हाच तटतटली होती.

मग आचार्यांनी त्याची पिशवी पुढे ओढली. हवेची जादा नळकांडी, पाणी, पोशाखाला भोक पडले तर लावायची ठिगळे, आरसा, दिवा, ताऱ्यांचा नकाशा, नीट गुंडाळून गाठ मारलेला दोर. ते एकेक वस्तू बाहेर काढत होते आणि या वेळी मान मनापासून हलत होती. पिशवीच्या तळाशी त्यांच्या हाताला एक कापडी पुरचुंडी लागली. तिच्यात ती पितळी शिट्टी होती. मागच्या दोन्ही खेपांनाही ती तिथेच होती.

“वाजव,” आचार्य म्हणाले.

केरबाने वाजवली. आवाज पठारभर गेला. दूरवर कातळावर बसलेल्या टिटव्या ओरडत उठल्या.

“छान वाजते,” आचार्य म्हणाले. त्यांनी शिट्टी त्याच्या हातातून घेतली, काठी टेकत कड्याच्या टोकापर्यंत गेले आणि ती खाली दरीत फेकून दिली. ती या कातळावरून त्या कातळावर आपटत गेली आणि तिचा खणखणाट तळापर्यंत ऐकू येत राहिला.

क्षणभर केरबाला काय झाले तेच कळले नाही. कळले तेव्हा तो म्हाताऱ्याच्या अंगावर धावून गेला. सगुणेने मागून त्याचा दंड धरला नसता तर त्याने काय केले असते, ते सांगवत नाही.

“माझ्या बाची शिट्टी हुती ती!” तो ओरडला. “कुणाला इचारून टाकली? त्या पेटीवाल्याला च्या पाजून वाटंला लावलं, त्याच्या काड्या बघून मान डोलावली, आन्‌ माझी येक शिट्टी खुपली व्हय तुमाला?”

“हो, खुपली. तो जाणार नाहीये. तो नुसता विकणार आहे,” आचार्यही तितक्याच जोरात म्हणाले. “त्याच्या पेट्या लोक दिवाणखान्यात मांडतील. वर जाणारी प्रत्येक पिशवी माझ्या हाताखालून जाते, तिथं त्याची काडी जाणार नाही. या वयात राग थोडा उरलाय माझ्याजवळ. तो असल्यांवर कशाला खर्चू? जाणाऱ्यांसाठी राखून ठेवलाय.”

“मला काय कळत न्हाई का? तिथं आवाज न्हाई, मला समदं पाठ हाय. नुसती असू दे म्हनून घेतली. वजन तरी किती तिचं?”

“पाठ आहे ना? मग पिशवीचा निकाल आज लावत नाही. उद्या सकाळी पोकळघरात या. दोघंही.”

ती रात्र केरबाने तळमळत काढली. म्हाताऱ्याचे डोके फिरले आहे, असे त्याने सगुणेला ऐकवले. ती नुसती म्हणाली, “असेल. पण दोनदा पिशवी परत आली तेव्हा तू तळ का नाही बघितलास?” त्यावर तो तिच्यावरही चिडला.

पोकळघर म्हणजे शाळेतली एक प्रचंड बंद खोली. तिच्यातली हवा यंत्राने ओढून घेत. जमिनीवर काळ्या दगडाची भुकटी आणि लहानमोठे धोंडे पसरलेले असत. एका बाजूने सूर्यासारख्या एकाच प्रखर दिव्याचा उजेड पडे आणि सावल्यांत डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा अंधार असे. वजन मात्र इथलेच राही. ते हलके करण्याची विद्या अजून कोणाला आलेली नव्हती. दोघांनी पोशाख चढवले, शिरस्त्राणे अडकवली, पाठीवर पिशव्या घेतल्या. पलीकडच्या दारापर्यंत चालत जायचे होते. पुढे केरबा, मागे सगुणा. बोलायला शिरस्त्राणात यंत्र होते. आचार्य जाड काचेच्या खिडकीमागे बसले होते.

सुरुवातीला दोघे बोलत होते. म्हणजे सगुणा बोलत होती आणि केरबा फुगून हुंकार देत होता. धोंड्यांचा मोठा ढीग आला. त्याला वळसा घालून केरबा पुढे गेला, आणि तेवढ्यात आचार्यांनी खिडकीमागून दोघांची बोलायची यंत्रे बंद केली.

केरबाच्या कानांत आता फक्त त्याचा श्वास उरला. बाई गप्प झाली, बरे झाले, असे त्याला वाटले. तो चालत राहिला. सवयीने त्याचा कान मागे होता. मागे दगड सुटला नाही, कोणी हाक मारली नाही, कोणी विव्हळले नाही. वाडीत ज्या शांततेच्या भरवशावर तो लहानाचा मोठा झाला होता, ती शांतता इथे पुरेपूर होती. एकदा समोरच्या भिंतीवर त्याची स्वतःची सावली एकदम उठली, हलली आणि गेली. पुन्हा उठली आणि गेली. मोठा दिवा लुकलुकतो आहे, म्हाताऱ्याला तोही धड ठेवता येत नाही, असे मनाशी म्हणून त्याने पाय उचलला. सगळा वेळ तो आचार्यांशी मनातल्या मनात भांडत होता आणि त्या भांडणात त्याची सरशी होत होती.

पलीकडच्या दाराशी पोचल्यावर त्याने वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

तो धावत परत आला. त्या जड पोशाखात जेवढे धावता येईल तेवढे धावला. ढिगाऱ्याच्या वळणावर सगुणा आडवी पडली होती. तिचा पाय दोन धोंड्यांमध्ये घोट्यापाशी अडकला होता. एका हातात दिवा होता. त्याचा झोत ती केरबाच्या पाठीवर मारत राहिली होती. ती सावली तिच्या दिव्याची होती. दुसऱ्या हातात दगड होता. काचेतून तिचे तोंड हलताना दिसत होते, डोळे रागाने आणि भीतीने लाल झाले होते, आणि त्यातला एक शब्दही त्याला ऐकू येत नव्हता.

खोलीत हवा सोडल्यावर पहिला आवाज आला तो धोंडा सरकवताना झालेल्या खरखरीचा. केरबाने सगुणेला उचलून बाहेर आणले, बाकावर ठेवले आणि सरळ आचार्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

“तुमी बघत हुता,” तो म्हणाला. “काचंमागं बसून बघत हुता. ती पडली, आन्‌ तुमी बघत बसला! तिला काय झालं असतं म्हंजे?”

“इथं काही होऊ दिलं नसतं. तिच्या पाठीवर हवा होती आणि माझा हात यंत्राच्या कळीवर होता,” आचार्य म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. इतका, की बाहेर उभी असलेली माणसेही सावरून उभी राहिली. “पण तिथं मी नसेन! तिथं काचेमागं कोणी बसलेलं नसेल! ती पडली ते मी पाहिलं. तू का नाही पाहिलंस? तुझी साथीण होती ना ती?”

“मला ऐकू आलं न्हाई.”

“ऐकू येणार नव्हतंच. हे तुला पाठ आहे म्हणालास ना?”

बाकावरून सगुणा घोटा चोळत म्हणाली, “दगडावर दगड आपटून हात दुखले माझे. आणि मलाही सगळं पाठ आहे हो, गुरुजी.”

आचार्य खाली बसले. राग ओसरला नव्हता, पण दम लागला होता.

“तोंडाला पाठ आहे, केरबा. कानाला नाही,” ते म्हणाले. “इथं प्रत्येक वस्तूमागं हवा उभी असते. काडीमागं, शिट्टीमागं, तुझ्या कानामागं. ती गुपचूप अर्धं काम करते आणि नाव वस्तूचं होतं. तिथं ती नाही. मग ती वस्तू तीच, माणूस तोच, आणि काम मात्र होत नाही. तू मला शिट्टीचं वजन सांगत होतास. अरे, बिनकामाची वस्तू पिशवीत नुसती पडून राहिली असती तर मी कशाला कड्यापर्यंत तंगड्या तोडल्या असत्या? ती बोलत असते. ‘हाक मारायची सोय आहे’ असं सांगत असते. म्हणून माणूस दुसरी सोय करत नाही. दोर होता ना तुझ्या पिशवीत? गाठ मारून पाठीवर मिरवलास, आणि ही बाई तुझ्यामागं पडून राहिली.”

त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

“तुझ्या बापानं तुला शिट्टी दिली असं समजतोस? शिट्टी बाजारात मिळते. त्यानं तुला रीत दिली. उत्तर आल्याशिवाय पाऊल नाही. आज एकदा तरी थांबलास? एकदा तरी विचारलंस, आहेस का म्हणून? काल मी शिट्टी टाकली तर माझ्या अंगावर धावून आलास. आज तू ती रीत टाकलीस आणि तुला पत्तासुद्धा नाही.”

केरबा तसाच पाय ओढत कड्याच्या टोकापर्यंत गेला. राग तर होताच, पण तो ठेवायला आता दुसरे कोणी सापडत नव्हते, आणि स्वतःवरचा राग गिळायला फार कडू असतो. त्याने तोंडाशी हात धरून दरीत हाळी दिली. दरीने ती परत आणून दिली. आजवर आपल्याला उत्तर देणारे बाप आणि भाऊ होते, हे खरे. पण ते उत्तर दर वेळी उचलून आणणारे दुसरेच कोणीतरी होते, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळले. ऊन उतरेपर्यंत तो तिथेच बसून होता.

सगुणेचा घोटा बरा व्हायला काही दिवस गेले. ती उभी राहिली तशी केरबाने दोराचे एक टोक आपल्या कमरेला बांधले आणि दुसरे तिच्या हातात दिले. दोघांनी कानांत मेण घातले. पठारावर, झुडपांत, धोंड्यांत ती दोघे तशी फिरू लागली. केरबा थोडे अंतर जाई, थांबे, दोराला हिसका देई. मागून हिसका आला की पुढचे पाऊल टाकी. पहिल्या दिवशी तो थांबायला इतक्यांदा विसरला की सगुणेने चिडून त्याला दोराने मागे ओढून खाली पाडले. शाळेतली पोरे हसली. तो हसला नाही, उठून पुन्हा चालू लागला. हळूहळू कान मागे ठेवायची सवय सुटली आणि मान मागे वळायला लागली.

आचार्य हे सगळे ओसरीवरून बघत. पिशवी चौथ्यांदा त्यांच्यापुढे आली तेव्हा त्यांनी ती उघडलीच नाही. केरबाच्या कमरेला दोर घासून पडलेला वळ तेवढा बघितला आणि “जा” म्हणाले. मग ती घडीची छत्री त्याच्या पिशवीच्या पट्ट्यात खोचून दिली.

निघायच्या दिवशी केरबा पाया पडायला गेला. ओसरीवरच्या खुंटीला ती पितळी शिट्टी टांगलेली होती. तिला पोचे पडले होते, पण ती घासून लख्ख केलेली होती. केरबा बघतच राहिला.

“गुरुजी, तुमी उतरला हुता खाली?”

“गुडघे अजून दुखताहेत,” आचार्य खेकसले. “तिकडं बघू नकोस. परत आलास की घे. इथं ती वाजते.”

केरबाने खुंटीला हात लावला नाही. तो पाया पडला आणि निघाला.

वस्तीवर पोचल्यावर थोड्याच दिवसांत पहिले बोलावणे आले. कामाला गेलेला एक जण परतला नव्हता आणि त्याचे यंत्र बोलत नव्हते. काळे आकाश, पांढरे रखरखीत ऊन, आणि कोणीच कधी बोललेले नाही अशी शांतता. केरबा पुढे, सगुणा मागे. एका उंचवट्याला वळसा घातल्यावर ती दिसेनाशी झाली आणि मधल्या दगडामुळे शिरस्त्राणातला तिचा आवाजही तुटला. तो थांबला. घाई होती, पलीकडे कोणाची तरी हवा संपत होती, आणि पाय पुढे ओढत होते. तरी तो थांबला. त्याने दोराला हिसका दिला आणि वाट पाहिली. ते वाट पाहणे त्याला फार लांब वाटले. मग कमरेला हिसका बसला. त्याने मागे वळून पाहिले. उंचवट्याआडून सगुणेचा दिवा वर येत होता. मग त्याने पुढचे पाऊल टाकले. हरवलेला माणूस त्यांना एका खड्ड्याच्या सावलीत सापडला, जिवंत, एका हाताने आरसा उन्हात धरून बसलेला.

आपल्या घरात मागून कित्येक दिवसांत काही ऐकू आलेले नाही, म्हणजे सगळे ठीकच असणार, असे धरून जे तरातरा पुढे चालले आहेत, त्यांनी कृपा करून एकदा थांबावे आणि मागे वळून पाहावे.